एक किरण मिळणेबाबत

केरू सहादू पगारे याला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं, ते त्याने सही करून घेतलं, आणि सही तंतोतंत त्याचीच होती. फक्त ती करणारा केरू नव्हता.

पण असं काही घडलेलंच नाही. क्लासचे मालक सावळीराम सर तसं शपथेवर सांगतील. केरूबरोबर शिकवणारा बहिरू तर सांगेलच. आणि झाडलोट करणाऱ्या गोजराबाईला विचारलं तर ती म्हणेल, "मला चपलांचं इचारा, मान्सांचं ठाव नाय." तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून चालू आणि पहिल्यापासून सुरुवात करू. पहिल्यापासून सगळं अगदी साधं होतं.

साल अठ्ठ्याऐंशी. नाशिकरोडला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सायकलीच्या दुकानाच्या माडीवर सावळीराम सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पंक्चर काढत, वर भविष्य घडवत. वरच्या खोलीत चार यंत्रं, एक गुरगुरणारा एसी, कधीच न उघडणारी काचेची खिडकी, आणि खालून जिन्याने चढत आलेला रबर सोल्यूशनचा वास. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, हे तेव्हा गावात सगळ्यांना पाठ होतं. कॉम्प्युटरला काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे चपला-बूट दाराबाहेर काढायचे आणि अनवाणी आत जायचं. एका पालकांनी तर आत येऊन आधी नमस्कार केला होता आणि नारळ कुठे ठेवू असं विचारलं होतं. केरूने त्यांना नारळ यंत्र क्रमांक दोनवर ठेवायला सांगितला. यंत्र क्रमांक दोन त्यानंतर आठवडाभर नीट चाललं, हा भाग वेगळा.

केरू हा असा होता. वय चोवीस, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, चेहऱ्यावर कायम शोकसभेला आल्यासारखा भाव, आणि त्या भावाच्या मागे काहीतरी शिजत असलेलं. कॉम्प्युटरला व्हायरस होतो अशी बातमी आली, तेव्हा त्याने दारावर सूचना लावली : 'सर्दी असलेल्यांनी फ्लॉपीला हात लावू नये.' विद्यार्थी नाकाला रुमाल बांधून आले. त्यात वाईट एवढंच झालं, की सावळीराम सर स्वतः पडसं झालं म्हणून दोन दिवस क्लासला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी खरं सांगितलं. तेव्हापासून क्लासमध्ये काहीही विचित्र झालं, अगदी पंखा किरकिरला तरी, सर आधी केरूकडे बघत.

आणि नेमकी त्याच वर्षी केरूला थट्टा परवडणार नव्हती. त्याचे वडील सहादू नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते. मार्चअखेर ते निवृत्त होणार आणि प्रेसचं क्वार्टर सोडावं लागणार. जेलरोडच्या बाजूला एका सोसायटीत घर मिळत होतं, पण सोसायटी म्हणाली, मुलाच्या कायम नोकरीचं पत्र आणा. केरू हंगामी होता. मार्चपर्यंत पत्र आलं नाही, तर आई-वडिलांसकट चार ट्रंका आणि एक शिलाई मशीन रस्त्यावर. एवढं सरळ होतं ते.

सर म्हणाले, "पत्र देतो. पण काम करून दाखव."

काम असं होतं. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले शेठ नवं कोल्ड स्टोरेज बांधणार होते. बांधण्याच्या आधीच ते आतून कसं दिसेल याचं चित्र कॉम्प्युटरवर निघतं, असं सरांनी त्यांना एका लग्नात जेवताना सांगून ठेवलं होतं. आता निघणं भाग होतं. केरूकडे परदेशी मासिकातल्या एका लेखाची झेरॉक्स होती. तिच्यावरून त्याने प्रोग्रॅम लिहिला. शेठची खात्री पटावी म्हणून पहिलं चित्र क्लासच्याच खोलीचं काढायचं ठरलं. म्हणजे ही खोली, हे चित्र, घ्या पडताळून.

"आणि केरू," सर म्हणाले, "त्या चित्रात एक जरी थट्टा सापडली, तरी तू घरी. कायमचा."

"सर, घरच जाणार आहे," केरू म्हणाला. सर हसले नाहीत.

त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये त्याची आई लंकाबाई बाजरीचं पीठ चाळत होती. केरूने तिच्या हातातून चाळण घेतली आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली.

"आई, हा पडदा. ह्या एकेका भोकातून मी एकेक किरण सोडतो."

"डोळ्यातनं?"

"डोळ्यातून. खरा उजेड दिव्यातून निघतो, सगळीकडे सांडतो आणि चिमूटभर आपल्या डोळ्यात येतो. सगळ्या सांडलेल्याचा हिशेब यंत्राला झेपत नाही. म्हणून उलटं करायचं. किरण डोळ्यातून सोडायचा आणि तो कशाला जाऊन आपटतो ते बघायचं. आपटला तिथून दिव्याकडे दुसरा किरण सोडायचा. वाटेत काही आडवं आलं, तर तिथे सावली. नाही आलं, तर उजेड. आणि आपटलेली वस्तू चकचकीत असली, तर किरण तिच्यावरून उसळून पुढे कशाला लागतो, तेही बघायचं."

"उलटा सोडलेला चालतो व्हय?"

"चालतो. उजेडाला एकेरी रस्ता माहीत नाही. मी ज्या वाटेने तुला दिसतो, त्याच वाटेने तू मला दिसतेस."

"पुरावा?" पेपरामागून सहादू म्हणाले. घरात हा शब्द मिठासारखा वापरला जाई. देव, भूत, ज्योतिष आणि पुढारी, चौघांनाही सहादूंनी याच शब्दाने उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

"सोमवारी देतो, दादा."

लंकाबाई मात्र चाळणीकडेच बघत होती. "आणि ज्या अंगाला तू किरण सोडलाच नाहीस, तिथं काय ऱ्हातं?"

"तिथे काही नसतं. बघितलंच नाही, तर ठिपका पडत नाही."

तिने चाळण परत घेतली. "आपल्याकडे कुणी बघत नव्हतं, तवाबी आपण होतोच की," ती म्हणाली आणि कोंडा ताटलीत झटकला.

केरूने खोली टेपने मोजली. टेबलं, खुर्च्या, स्टीलचा पेला, सातपूरच्या एका कारखान्यातून आणलेला मुठीएवढा पोलादी गोळा, वर टांगलेला बल्ब, सगळं मापासकट प्रोग्रॅममध्ये घातलं. दाराच्या चौकटीवर कॅलेंडरचा एक खिळा होता. प्रोग्रॅममधला डोळा त्याने त्या खिळ्यावर ठेवला, म्हणजे दारात उभं राहून बघितल्यासारखं दिसेल. रंगीत पडदा फक्त यंत्र क्रमांक तीनला होता. शनिवारी दुपारी त्यावर प्रोग्रॅम सुरू करून सगळे घरी गेले. ठिपक्यामागून ठिपका, रविवारभर यंत्र एकटंच बघत बसलं.

सोमवारी सकाळी गोजराबाई जिन्यावरच भेटली. हातात झाडू, चेहऱ्यावर फिर्याद.

"कोन आलं व्हतं काल?"

"कुणी नाही. का?"

"मग ह्या कुनाच्या?" तिने झाडूने दाराबाहेरच्या चपला दाखवल्या. टायरच्या तळव्याच्या, जाड, टाचेकडे झिजलेल्या. "म्या शनिवारी समदं झाडून गेले. तवा नव्हत्या."

"खालच्या दुकानातल्या असतील."

"खालचे लोक चपला घालूनच मरत्यात," गोजराबाई म्हणाली.

आत चित्र पूर्ण झालं होतं. केरू पडद्यासमोर उभा राहिला आणि दोन मिनिटं त्याला विनोद सुचला नाही. खोली होती. त्याचीच खोली, सोळा रंगांत, जरा खरबरीत, पण खोली. पेल्याला कड होती. गोळ्यात खिडकी वाकून बसली होती.

आणि यंत्र क्रमांक तीनच्या टेबलावर एक सावली होती.

खांदा, मान, पुढे झुकलेलं डोकं. टेबलासमोरची खुर्ची रिकामी होती, अगदी प्रोग्रॅममध्ये घातली होती तशी. सावली तिच्यात बसलेल्या माणसाची होती.

केरूने पहिल्यांदा बहिरूवर संशय घेतला. हे न्यायाचं होतं, कारण क्लासची दुसरी किल्ली बहिरूकडे होती. बहिरू सटाण्याकडचा, केरूइतकाच शिकलेला, केरूइतकाच हंगामी, आणि क्लासला कायम माणूस एकच हवा होता.

"छान आहे," केरू म्हणाला. "डोकं जरा लहान काढलंस."

"काय काढलं?" बहिरूने पडद्याकडे बघितलं, मग केरूकडे. "मला काय विचारतो? तुझ्या थट्टा तुझ्यापाशी."

"माझी नाही."

"सर्दीची नोटीसपण तुझी नव्हती."

दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं. दोघांनाही समोरचा खोटं बोलतो आहे असं मनापासून वाटलं, आणि दोघांचीही पंचाईत अशी, की समोरचा खोटं बोलताना असाच दिसत असे.

केरूने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. माणूस कुठेच नव्हता. त्याने सगळं नव्या फ्लॉपीवर घेतलं, फ्लॉपी शर्टाच्या आत ठेवून घरी नेली, आणि पुढच्या शनिवारी प्रोग्रॅम सुरू केल्यावर बहिरूची किल्लीसुद्धा मागून घेतली. बहिरूने ती दिली. देताना म्हणाला, "आता काही निघालं तर कुणाचं नाव घेशील, तेही ठरवून ठेव."

सोमवारी सावली होती तिथेच होती. खुर्ची रिकामीच होती. पण पोलादी गोळ्यात, वाकलेल्या खिडकीच्या खाली, खुर्ची रिकामी नव्हती. एक बोटाच्या पेराएवढा माणूस तिच्यात बसला होता, पाठमोरा.

टायरच्या चपला दाराबाहेर होत्या. गोजराबाईने त्या आठवडाभर भिंतीकडे सरकवून ठेवल्या होत्या; रोज सकाळी त्या पुन्हा दाराच्या मधोमध येत. तिचा संशय विद्यार्थ्यांवर होता. कुणावर, ते तिने ठरवलं नव्हतं. तूर्त सगळ्यांवर होता.

केरूने यंत्र क्रमांक तीनच्या खुर्चीवर हात ठेवून बघितला. एसीने खोली गारठली होती, टेबलाचा पत्रा बर्फ होता. खुर्ची कोमट होती. बसमध्ये कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या जागेवर बसावं, तशी कोमट.

'पडद्याची गरम हवा येत असेल,' असं त्याने स्वतःला सांगितलं. गरम हवा पडद्याच्या मागून निघते, हे त्यानेच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

तिसऱ्या चित्रात माणूस सरळ दिसला. आता सावलीची, गोळ्याची गरज उरली नव्हती. राखाडी ठिपक्यांचा, नाकडोळे नसलेला एक इसम खुर्चीत बसला होता आणि त्याने मान वळवायला सुरुवात केली होती. दाराकडे. खिळ्याकडे.

सावळीराम सरांनी ते चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यंत्र म्हणतंय की इथे कुणीतरी आहे," केरू म्हणाला.

"यंत्र म्हणतंय, का तू म्हणतोयस?"

"सर, आईशपथ—"

"शपथ नको. शेठ गुरुवारी येताहेत. त्यांना किरण कसे जातात हे समजून घ्यायचंय, ते म्हणाले हा फोटोच असणार. तेव्हा किरणसुद्धा दाखव. आणि तोवर ह्याला," सरांनी पडद्यावर बोट ठेवलं, "ह्याला उठव."

किरण दाखवायचे म्हणजे काय करायचं, हे केरूला आईच्या चाळणीवरूनच सुचलं होतं. त्याने लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकली आणि ती दारासमोर स्टुलावर उभी केली. खिळ्याला पांढऱ्या दोऱ्यांची टोकं बांधली. एकेक दोरा जाळीच्या एकेका भोकातून ओढायचा आणि प्रोग्रॅम सांगेल तिथे नेऊन चिकटवायचा : हा किरण भिंतीला लागला, हा पेल्याला, हा गोळ्याला. शेठने दारात उभं राहायचं आणि आपली नजर दोऱ्यांवरून खोलीभर चालताना बघायची. कल्पना चांगली होती. केरूला स्वतःलाच बरं वाटलं.

बुधवारी क्लासला सुट्टी दिली. सकाळपासून बहिरू कागदावरचे आकडे वाचत होता आणि केरू टेप लावून दोरे ओढत होता. भिंत. भिंत. टेबल. पेला. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि दोरे त्यात सतारीच्या तारांसारखे चमकत होते.

मग बहिरू थांबला.

"हा हवेत संपतोय."

"कुठे?"

"तीनच्या खुर्चीवर. बसल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर."

केरूने क्षणभर विचार केला. "हवेत संपतोय, तर हवेत संपवू."

त्याने छताच्या हुकांना आडवी तार बांधली, तिच्यावरून दोरा खाली सोडला, त्याच्या टोकाला टाचणी अडकवली आणि खिळ्याकडून आलेला किरण त्या टाचणीला बांधला. पुढचाही हवेत संपला. त्याच्या पुढचाही. बहिरू आकडे वाचत गेला, आवाज लहान होत गेला. दुपारपर्यंत खुर्चीच्या वर टाचण्यांचं एक मोहोळ लटकत होतं.

केरू दोन पावलं मागे सरला आणि त्याला ते दिसलं. टाचण्या कशाही लटकत नव्हत्या, जिथे हव्या तिथे होत्या. खांदा होता. कोपर होतं, टेबलावर टेकवलेलं. मांडीची उतरण, गुडघा. अंगाचा दाराकडचा भाग तेवढा होता, कारण किरण दाराकडूनच येत होते; पाठीमागे काही नव्हतं. टाचण्यांचं एक सोललेलं साल खुर्चीत बसलं होतं आणि त्याचा चेहरा वळून पूर्ण झाला होता.

बहिरू घाबरला की अहिराणीत जात असे. "तठे कोन शे?" तो टाचण्यांना म्हणाला.

एसी गुरगुरला. टाचण्या हलल्या नाहीत. वाऱ्याच्या झोतात दोरे थरथरत होते, टाचण्या मात्र स्थिर होत्या.

"तू नाही केलंस," केरू म्हणाला.

"मी नही, भो."

"मीपण नाही."

बहिरूने मान हलवली. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, आणि त्याने दोघांचंही काही बरं झालं नाही. संशय होता तोवर खोलीत दोनच माणसं होती.

सरांना सांगायचं तर सर हसणार नाहीत, पत्र फाडतील. चित्र पुन्हा काढायला वेळ नव्हता. केरूने खुर्चीकडे बघितलं, दोऱ्यांकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर शोकसभेचा भाव आला. म्हणजे मागे काहीतरी शिजलं.

"बहिरू, चित्रात माणूस आहे आणि खुर्ची रिकामी आहे, हा घोटाळा आहे ना?"

"हो."

"मग खुर्चीत माणूस बसवू. उद्या शेठ येतील तेव्हा मी तिथे बसतो, असाच. चित्रात माणूस, खुर्चीत माणूस. पडताळून घ्या म्हणावं. थट्टा कुठाय?"

बहिरूला हे पटलं नाही, पण ते चूक कुठे आहे हे त्याला सांगता येईना. "बसू नको," तो एवढंच म्हणाला.

"पुरावा?" केरू म्हणाला, आणि दोरे न हलवता, वाकून, अंग चोरून, खुर्चीत शिरला.

खुर्ची कोमट होती.

"कोपर थोडं पुढे," बहिरू म्हणाला. मग काही वेळाने म्हणाला, "राहू दे. बसलं."

खांद्याची टाचणी खांद्याला टेकली. गुडघ्याची गुडघ्याला. मापं घेऊन शिवलेल्या शर्टासारखं सगळं बसलं. केरूला हसू आलं. ते हसूसुद्धा बसलं, ओठांच्या दोन कोपऱ्यांना दोन टाचण्या होत्या.

"एक राहिलाय," बहिरू कागदाकडे बघत म्हणाला. "शेवटचा आकडा."

"कुठे संपतो?"

"डोळ्यात."

तो दोरा बांधायचा राहिला होता. त्याचं मोकळं टोक खिळ्यापाशी लोंबत होतं. केरूने मान वळवली, टाचण्या सांगत होत्या तितकीच, आणि खिळ्याकडे बघितलं.

दोरा बांधावा लागला नाही.

खिळ्यापाशी, दारात, कुणीतरी उभं होतं. हातात दोऱ्याचं रीळ. अंगात केरूचा निळा चौकड्यांचा शर्ट.

शोकसभेला आल्यासारखा चेहरा.

त्याच्यामागे काहीच शिजत नव्हतं.

ज्या वाटेने तो दिसला, त्याच वाटेने त्याने केरूला बघितलं. एकदाच. मग नजर काढून घेतली.

"झालं," दारातला म्हणाला. आवाज केरूचाच होता. "सोड दोरे."

बहिरूने कागदावरून मान वर केली. आधी खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे, आणि छातीवरचा दगड उतरावा तसा श्वास सोडला. "उठलास कधी? मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

केरूने खुर्चीतून हाक मारली. हाक मारून झाली. आवाज झाला नाही. मग त्याने उठायचं ठरवलं. ठरवणं झालं, उठणं झालं नाही.

दोघांनी दोरे कापले. टाचण्या एकेक करून डबीत गेल्या. खांद्याची निघाली, गुडघ्याची निघाली, ओठांची निघाली, आणि निघता निघता केरूचा खांदा, गुडघा, ओठ कुठे आहेत हे त्याला नीट सांगता येईनासं झालं.

"चहाला चल," बहिरू म्हणाला.

दाराबाहेर पायात चपला सरकवल्याचा आवाज आला. केरूच्या रबरी चपलांचा नव्हता. टायरच्या तळव्याचा होता, जड.

गुरुवारी शेठ आले. चित्र तेच, पण आता उत्तम होतं : खोली, टेबलं, पेला, गोळा, आणि यंत्र क्रमांक तीनसमोर एक स्वच्छ रिकामी खुर्ची. दोरे पुन्हा बांधले होते, एकही हवेत संपत नव्हता. दारातल्याने न अडखळता, न हसता सगळं समजावलं. शेठ खूश झाले, सर त्याहून खूश झाले. पत्र त्याच दुपारी टाइप झालं आणि सही होऊन गेलं. सहादू मार्चअखेर निवृत्त झाले. ट्रंका आणि शिलाई मशीन रस्त्यावर नाही, जेलरोडला गेली. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. केरूने खुर्चीतून ते ऐकलं आणि त्याला आनंद झाला. त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

एकदा लंकाबाई सरांना पेढे द्यायला आली. दाराबाहेर तिचा आवाज ऐकू आला.

"आमचा केरू लय गुणी झालाय हो. थट्टा नाय, मस्करी नाय. सांगंल तेवढंच करतो." आणि मग, जरा थांबून, "जेवताना बोलतबी नाय."

"चांगलं हाय की," गोजराबाई म्हणाली.

"चांगलंच हाय."

पेढ्यांच्या पुड्याचा कागद वाजला.

"ह्या चपला कुनाच्या?" लंकाबाईने विचारलं.

"काय ठाव. कवाच्या पडल्यात. बाजूला ठिवल्या की सकाळी परत दारात."

उघड्या दारातून केरूला आई खाली बसलेली दिसली. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या. डावीचा अंगठ्याजवळचा पट्टा तुटला होता आणि त्याला सेफ्टी पिन लावलेली होती. ती पिन तिने स्वतःच्या हातातल्या बांगडीतून काढून लावली होती, जानेवारीत, केरू घाईत होता तेव्हा.

लंकाबाईने पिनवर बोट ठेवलं. मग ती उठली आणि चौकटीला धरून खोलीत बघू लागली. खिळा तिच्या डोक्याशेजारीच होता. तिची नजर यंत्र क्रमांक एकवरून सरकली. दोनवर थांबली.

"आई, चल," जिन्यावरून हाक आली. "उशीर होतोय."

ती वळली.

जाताना तिने चपला भिंतीशी ठेवल्या नाहीत. होत्या तिथेच, दाराच्या मधोमध, जोडीने नीट लावून ठेवल्या, टाचा बाहेर, कुणीतरी आत गेलं असावं तशा.

यंत्र क्रमांक तीन हल्ली बंद असतं. त्याच्यासमोर बसलं की मान अवघडते असं विद्यार्थी म्हणतात. सरांनी वायर काढून ठेवली आहे. तरीही कधी कधी, ऊन सरळ काचेवर पडलं की, पडद्यावर पुढील मजकूर वाचता येतो. तो अद्याप कुणी वाचलेला नाही, कारण त्यासाठी त्या बाजूला बघावं लागतं.

प्रति,
मा. संचालक,
कॉम्प्युटर क्लास, नाशिकरोड

विषय : एक किरण मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, निम्नस्वाक्षरीकार हा आपल्या संस्थेत यंत्र क्रमांक तीनसमोरील खुर्चीत हजर आहे. सदर खुर्ची रिकामी असल्याची नोंद वस्तुस्थितीस धरून नाही. पत्र व घर यांबाबत अर्जदाराचे काहीही म्हणणे नाही, ते आहे तसे राहू द्यावे. तरी कार्यालयीन वेळेत, आपल्या सोयीने, दाराच्या चौकटीवरील खिळ्याजवळून अर्जदाराच्या दिशेने कोणीतरी एकदा बघण्याची व्यवस्था व्हावी. शक्य झाल्यास आईस प्राधान्य द्यावे.

कळावे,
के. स. पगारे (हंगामी)

सोबत : रबरी चपला, एक जोड, दाराबाहेर. डाव्या पट्ट्यास सेफ्टी पिन. ओळख पटविण्याकामी.